नानांची बंदूक आणि आमचं न्हाणीघर

नाना कुणाच्याही घरी गेले की आधी न्हाणीघरात घुसतात. कामाला नाही हो, तपासायला! धोतर खोचून फरशीवर पालथे पडतात, कान कोपऱ्याला लावतात आणि आतूनच ओरडतात, "सांधा बोलतोय! पाणी झिरपतंय!" बाहेर यजमान चहाचा कप धरून उभाच.

बनारसमधल्या आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत नानांनी कान लावला नाही असं मराठी न्हाणीघर उरलेलं नाही. बँकेतनं रिटायर झालेले, घरी एकटे. आणि मी? मी यात्रेकरूंच्या पंगतीतला वाढपी. शिक्षण विचाराल तर चौथीत मी इतका जुना झालो होतो की नवे मास्तर आले की खडू कुठे ठेवतात ते मलाच विचारायचे.

तर आमचं न्हाणीघर वरच्या मजल्यावर आणि बरोब्बर खाली मालकीण माईंचं स्वयंपाकघर. माई कडक सोवळ्याच्या. एके सकाळी मी जोरात 'हर हर गंगे' करून तांब्या ओतला आणि खालून आरोळी, "बाळ्या! तुझ्या आंघोळीचं पाणी माझ्या आमटीत टपकतंय रे!"

मी म्हटलं, "माई, जास्त आहे का?"

हे मी का विचारलं, मला अजून कळलेलं नाही. माई म्हणाल्या, "पौर्णिमेपर्यंत थांबलं नाही तर खोली खाली कर!"

बनारसमध्ये त्या भाड्यात खोली? अहो, गोठा नाही मिळत! सुमन, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "मिस्त्री बोलवा." पण माझ्या अंगात कारागीर शिरला होता. मी ऐकलं होतं की जुने घाट चुना, उडीद आणि गूळ घालून बांधलेत. म्हटलं, राजा घाट एवढ्या पुरात टिकतो, तर आमचा कोपरा काय चीज आहे! चुना काढला पानाच्या डबीतला. उडदाचं पीठ घरात होतंच. आणि गूळ घातला वाढप्याच्या हातानं, सढळ! काय सुंदर लिंपलं मी! सुमनला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "वास छान येतोय."

तो वास सगळ्यांनाच छान आला. दुसऱ्या दिवशी मुंग्यांची अशी लाईन की दर्शनाला लागावी. मी अंगावर पाणी घेणार, इतक्यात झरोक्यातनं भला मोठा वानर आत! तो कोपऱ्यात बसून माझं बांधकाम चाटायला लागला. मी तांब्या उगारला, त्यानं माझा पंचा ओढला. मग मी बाहेर कसा आलो ते मी सांगत नाही. गल्लीतले लोक अजून सांगतात.

नाना धावत आले. कोपरा बघितला आणि कपाळावर हात मारला. "का गुरू, न्हाणीघराला नैवेद्य दाखवलास?"

मग घरी जाऊन त्यांनी पिशवीतनं बंदूक आणली. मी दोन्ही हात वर केले!

"अरे गाढवा, ही भेगा भरायची बंदूक आहे. दिल्लीहून मागवलीय. हिच्यात रबरासारख्या लुकणाची नळी बसते."

काय मजा आली म्हणून सांगू! नानांनी सुरीनं माझा गूळ खरवडला, फडक्यानं पुसला, टेबलफॅन लावून कोपरा खडखडीत वाळवला. दोन्ही बाजूंना कागदी पट्टी चिकटवली. मग श्वास रोखून घोडा दाबला आणि नळीतनं पांढरीशुभ्र रेघ निघाली, सरळ, जशी काही टूथपेस्ट शाळा शिकून आली! त्यांनी साबणाच्या पाण्यात बोट बुडवून ती रेघ गुळगुळीत केली. मी म्हटलं, "मला द्या ना एकदा." दिली. मी दाबली आणि ती सगळी माझ्या मिशीवर. आठवडाभर अर्धी मिशी पांढरी होती.

"आता इथं पाण्याचा थेंब नको," नाना म्हणाले. "पक्कं होईस्तोवर सगळे आंघोळीला ब्रह्मा घाटावर. मी येतो बोलवायला."

ऐन थंडीचे दिवस! मी वाढपी माणूस, गरम आमटीजवळ वाढलेला. पण पहाटे नाना दारात हजर, काखेत पंचा. मी गंगेत गुडघ्यापर्यंत उतरून देवांची नावं घेत होतो आणि नाना बुडीवर बुडी मारत होते. सुमन पायरीवर सगळ्यांचे कपडे आणि नानांचा चष्मा सांभाळत बसलेली. येताना नानांनी आम्हाला कचौडी चारली आणि गल्लीतल्या प्रत्येक न्हाणीघराची कुंडली सांगितली.

असं रोज. घरी आलं की नाना रेघेवर अंगठा दाबायचे आणि मान हलवायचे. "नाही गुरू, अजून कच्चं आहे."

पौर्णिमेला माई स्वतः जिना चढून आल्या. मी मनात बोचकं बांधलं. सुमनचा चेहरा उतरला.

माई म्हणाल्या, "अरे, कधीपासून टपकणं बंद आहे! परवा तुम्ही घाटावर असताना मी कोपऱ्यात बादली ओतून बघितली, खाली एक थेंब नाही! मग थंडीत घाटावर कशाला मरायला जाता? खोली सोडायची नाही आता, समजलास?"

"पण नाना म्हणतात कच्चं आहे."

माईंनी वाकून रेघेवर नख मारलं. पक्कं! मग हळू आवाजात म्हणाल्या, "नानाची बायको रोज त्याच्याबरोबर घाटावर जायची. पायरीवर बसून ओरडायची, पुरे आता, बाहेर या. ती गेली तेव्हापासून तो घरातच बादलीनं अंघोळ करतो. एकट्यानं जाववत नाही म्हणतो."

युक्ती सुमनला सुचली. तिनं कोळशाचं पोतं ओढत नेलं आणि न्हाणीघराच्या मधोमध ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे नाना आले, आत डोकावले. "हे काय गं?"

"घरात जागा नाही, नाना. राहू दे तिथंच. चला, उशीर होतोय."

घाटावर धुकं होतं. मी कुडकुडत पहिल्याच पायरीवर अडलो. नानांनी बुडी मारली, परत मारली, आणखी एक मारली. तेवढ्यात मागून सुमनचा खणखणीत आवाज आला, "नाना, पुरे आता! बाहेर या बघू, सर्दी होईल!"

नाना पाण्यात थबकले. त्यांनी वळून पायरीकडे पाहिलं. चष्म्याशिवाय त्यांना काय दिसलं असेल कोण जाणे. मग ऐकलंच नाही असं दाखवून त्यांनी नाक धरलं आणि पुन्हा बुडी मारली.