बच्छाव सरांचा तापणारा क्लीनर

बच्छाव सर घरातल्या यंत्रांना शिस्त लावतात. उभा जन्म पी.टी. शिकवण्यात गेला. निवृत्तीनंतर समोर पोरं उरली नाहीत, म्हणून मिक्सर, गीझर, पंखे यांची पाळी आली. त्यांचा मिक्सर 'आगाऊ', फ्रिज 'गुणी, पण आळशी'. आमच्या पाथर्डी फाट्याच्या सोसायटीत लिफ्ट अडकली की आतून "सावधान!" ऐकू येतं आणि लिफ्ट हलते. वॉचमननं तोवर काहीतरी खटपट केलेली असते, पण श्रेय सरांचं.

सर मूळचे नामपूरचे. एरवी शुद्ध बोलतात, चिडले की अहिराणीत उतरतात.

परवा सकाळी ते दारात उभे. कॉर्डलेस व्हॅक्युम क्लीनर बंदुकीसारखा खांद्यावर.

"तुमच्याकडे असाच आहे ना? बघा, याले काय व्हयनं! जरा चालला की तापतो आणि मधेच बसकण मारतो."

मी हात लावला. मोटर चटका बसावा इतकी गरम.

"किती वेळा फिरवता, सर?"

"सकाळ, दुपार, संध्याकाळ. फुल स्पीडवर."

"दोघंच तर असता. इतका कचरा कुठून येतो?"

सरांनी क्लीनर खांद्यावरून उतरवून जमिनीवर ठेवला.

तो गार झाल्यावर मी फिल्टर काढला. धुळीनं गच्च. मग खालचा गोल ब्रश उघडला. त्यावर लांब, काळेपांढरे केस रिळासारखे आवळून बसले होते. ब्रश फिरेना, म्हणून मोटर तापत होती.

काकूंची, म्हणजे सरांच्या पत्नीची, केमो सुरू होती, ते मला ठाऊक होतं.

"झोपेत गळतात," सर हळूच म्हणाले. "ती उठायच्या आत उचलतो. तिला दिसायला नकोत."

मी कात्री आणली. सरांनी ती माझ्या हातून घेतली आणि स्वतःच, ओढाताण न करता, केस कापून मोकळे केले. फिल्टर धुऊन वाळत घातला. तो वाळेपर्यंत मी आमचा क्लीनर दिला.

दुसऱ्या दिवशी सर भाजीला गेल्यावर मी काकूंना पेज घेऊन गेले.

"तुझं मशीन फार आवाज करतं गं," त्या म्हणाल्या.

"झोपमोड झाली का, काकू?"

त्या हसल्या. "झोपलेली कुठे असते? डोक्यावरून हात फिरवला की कळतंच ना. पण त्यांचं आवरेपर्यंत डोळे मिटून पडते. एवढे धडपडतात बिचारे. मला कळलंय, हे त्यांना कळायला नको."