सेतुराम मामांचं शून्य

सेतुराम मामा रोज पहाटे बसने चालायला जायचे.

वाचताना आपलंच काही चुकलं असं वाटलं असेल, तर तसं नाही. मद्रासला बदली होऊन आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पश्चिम मांबळममध्ये आम्हाला वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या होत्या. खाली घरमालक, म्हणजे हेच मामा. पहाटे पाचला डासांनी उठवलं, म्हणून दुधाची चौकशी करावी या विचाराने मी बाहेर पडलो, तर कोपऱ्यावरच्या बसथांब्याशी आमचे घरमालक ताठ उभे. गुडघ्यापर्यंत खाकी चड्डी, डोक्याला कानटोपी, कपाळाला गोपीचंदन आणि पायांत खडू फासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"चालावयास."

"मग बसची वाट कशाला बघताय?"

"चालावयास मरीनाच्या किनाऱ्यावर जावें लागतें कीं नाहीं?"

"तिथपर्यंत चालत गेलात तर?"

सकाळी सकाळी हे कुठलं गावठी माणूस समोर आलं, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अय्यो देशपांडे, तें चालणें नव्हे. तें जाणें!" एवढं बोलून ते बसमध्ये चढले.

मद्रासला वडीलधारा माणूस दिसला की तो मामा आणि त्याची बायको मामी. त्यामुळे आठवडाभरात तेही आमचे मामा-मामी झाले. यांचे पूर्वज कोण्या काळी राजाबरोबर तंजावरला आले आणि तिथेच राहिले. त्यांची मराठीही त्या काळातच राहिली, फक्त तिला तमिळचे हेल फुटले. मामा साधं "पाणी तापलें काय" म्हणाले तरी मला दरबारात उभं असल्यासारखं वाटायचं. मी मूळचा मिरजेचा, रेल्वेच्या कचेरीतला कारकून. तेव्हा दरबाराचा आणि माझा संबंध तेवढाच.

मामांनी उभा जन्म सर्व्हे खात्यात काढला होता. साखळी घेऊन त्यांनी निम्मा मद्रास इलाखा पायांखाली घातला. सात वर्षांपूर्वी पेन्शनीत निघाल्यावर छातीत धडधडायला लागलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, चालत जा. मामा म्हणाले, आजवर दुसरं केलं काय? त्यावर डॉक्टर सहज बोलून गेले, "ती तुमची नोकरी होती हो, तो व्यायाम नव्हे."

डॉक्टर विसरले असतील, मामा विसरले नाहीत. त्या एका वाक्यावर त्यांनी आख्खं शास्त्र रचलं. हातात पिशवी आली की व्यायाम गेला. वाटेत काम निघालं की व्यायाम गेला. चालताना थांबलात तर आधीचं सगळं रद्द. मरीनाच्या रस्त्याने आइस हाऊसपासून नेपियर पुलापर्यंत ते चालत, आणि मधे कुणी "काय राव, बरं आहे ना?" म्हटलं, की ते कपाळाला हात लावून परत आइस हाऊसला जात आणि पहिल्यापासून सुरुवात करत. हे कळल्यावर मरीनावरचे दोन-तीन टवाळ पेन्शनर पुलाच्या अलीकडे दबा धरून बसायचे म्हणे, आणि मामा अगदी टप्प्यात आले की वाकून नमस्कार घालायचे. एकदा मामा चार वेळा परत फिरले आणि घरी येऊन दुपारपर्यंत आडवे पडले.

अंतर ते मैलांत मोजत नसत, चेनमध्ये, म्हणजे सर्व्हेच्या सहासष्ट फुटी साखळीत मोजत. त्यांची सव्वीस पावलं म्हणजे एक चेन. पोस्ट पाच चेन, न्हावी नऊ चेन, रामाचं देऊळ अकरा चेन. रोजचा हिशेब जुन्या फील्ड बुकात लिहिला जाई, आणि बाकी जगाच्या चालण्याला एकच शेरा: शून्य.

माझं डोकं फिरलं ते या शून्यापायी. मी रोज घरापासून स्टेशनपर्यंत जात-येत होतो, ऑफिसात तीन जिने चढत होतो आणि संध्याकाळी भाजीही आणत होतो. एवढं करून मला व्यायाम नाही म्हणजे काय? एका रविवारी मी भांडायलाच बसलो. "मामा, पायांना काय कळतं हो, मी ऑफिसला चाललोय की मरीनावर?"

"पायांस कळत नाहीं, मनास कळतें," मामा म्हणाले. "तुम्ही स्टेशनाकडे जातां तेव्हां तुमचें मन ऑफिसांत. जेथें मन दुसरीकडे, तेथें शून्य. सरी?"

या "सरी" वर त्यांचे सगळे वाद संपायचे. म्हणजे बरं, ठरलं, आता उठा.

आत मामी डोसे घालत होत्या. त्या खुदकन हसल्या. माझी बायको सुमन तिथेच बसली होती, ती फणकारली. "मामींचं मोजा एकदा! दूध, पाणी, बाजार, देऊळ, दिवसभर पाय टेकत नाहीत त्या."

मामा मोजणीच्या आव्हानाला कधी नाही म्हणत नसत. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून ते वही घेऊन मामींच्या मागे. विहिरीवर मागे, बाजारात मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभे. मामी एकदा वैतागून म्हणाल्या, "जरा सरका हो, लाज वाटत्ये." रात्रीच्या जेवणाआधी बेरीज झाली. मामी दोनशे एकेचाळीस चेन, म्हणजे तीन मैलांच्या वर. मामांचं मरीनावरचं चालणं दोनशेच. सुमनने टाळ्या वाजवल्या. मामांनी शांतपणे पुढच्या रकान्यात लिहिलं: व्यायाम, शून्य.

"अहो, पण..." मी म्हटलं.

"ती चालली कोठें? ती जात होती."

मामींनी फडकं घेतलं आणि त्या ओटा पुसायला लागल्या. त्या क्षणी मामांचा मला मनापासून राग आला, हे मी आजही कबूल करतो.

त्याच पावसाळ्यात, म्हणजे मद्रासच्या दिवाळीतल्या पावसात, मामी विहिरीच्या ओल्या दगडावरून घसरल्या. पायाचं हाड मोडलं. प्लास्टर निघेपर्यंत पोंगल उलटून गेला, आणि निघालं तेव्हा पाय लाकडासारखा ताठ. डॉक्टर म्हणाले, यांना रोज रस्त्यावर चालवा, दररोज थोडं थोडं वाढवा. घरातल्या घरात खुरडून भागणार नाही. नाहीतर पाय असाच आखडेल आणि जन्मभर काठी.

मामा तडक बाजारात गेले आणि मामींसाठी कॅनव्हासचे बूट घेऊन आले. नऊवारीवर बूट! मामींनी ते उचलले आणि माळ्यावर टाकायला सुमनच्या हातात दिले.

"कामावीण मी रस्त्यावर हिंडूं? रिकाम्या हातीं? लोक काय म्हणतील?"

"व्यायाम आहे तो!" मामा म्हणाले.

"सात वर्षें तुम्हींच सांगत आलांत, माझें चालणें चालणें नव्हे. आतां तेंच कशास मागतां?"

मामांना "सरी" सुद्धा सुचलं नाही. पंधरा दिवस त्यांनी समजावलं, रागावले, डॉक्टरांना घरी आणलं. मामी भिंतीला धरून चुलीपर्यंत जात आणि परत पाटावर येऊन बसत. पाय दिवसेंदिवस जास्तच कडक होत चालला. एकदा संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, तर मामा फाटकाशी एकटेच उभे. माझ्याकडे न बघता म्हणाले, "देशपांडे, ती चालणार नाहीं." मग फाटकाची कडी लावत म्हणाले, "पण ती जाईल."

मला काही उलगडा झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. दारात मामा, हातात हिंगाचा डबा.

"हें तुमच्याकडे ठेवा. मामीस सांगूं नका."

तासाभराने खालून मामींचा आवाज, "हिंग संपलें कसें? परवां तर होतें!" आणि मामांचा, "मज काय ठाऊक? मी स्वयंपाकघरांत येतों काय? आणि आज माझी कंबर धरली आहे." हिंगाशिवाय सांबार करणं मामींच्या धर्मात बसत नव्हतं. त्या लंगडत, कण्हत, भिंत सोडून फाटक धरत बाहेर पडल्या. अण्णाच्चीचं किराणा दुकान फाटकापासून तीन चेनवर. तेवढं अंतर जाऊन यायला त्यांना अर्धा तास लागला. आणि मी गॅलरीतून पाहत होतो, तर कंबर धरलेले मामा छत्री घेऊन त्यांच्यामागे अर्ध्या चेनवर. मामी थांबल्या की मामाही थांबत आणि विजेच्या खांबाकडे टक लावून बघत.

दुसऱ्या दिवशी चिंचेचा डबा वर आला. मग उडीद. मग मोहरी. आमच्या फळीवर जागा उरली नाही. सुमन म्हणाली, "आपणच दुकान टाकूया." आठवडाभराने अण्णाच्चीने मला रस्त्यात गाठलं आणि कळवळून म्हणाला, "सार, तुमच्या मामांना आवरा! बाई आल्या की चिंच नाही म्हणून सांग, त्यांना पुढे बाजारात जाऊ दे, म्हणतात. माझ्या दुकानात चिंच नाही, हे ऐकून बाकीची गिऱ्हाइकंही निघून जातात!"

बाजार सात चेन. मामी गेल्या. मग बाजारातल्या फुलवालीकडे मोगरा मिळेना, तो म्हणे आता फक्त देवळासमोर मिळतो. देऊळ अकरा चेन. विजेच्या खांबांवर खडूच्या बारीक रेघा दिसू लागल्या. मामींनी रोज कुठवर मजल मारली त्याच्या खुणा त्या. सगळा खडू खांबांवर गेल्यामुळे मामांचे कॅनव्हासचे बूट कोपऱ्यात मातकट पडले होते. मरीनाची बस मामांना सोडूनच जायची. टवाळ पेन्शनरांपैकी एक जण चौकशीला घरी येऊन गेला.

"मामा," मी एकदा वही बघून विचारलं, "मामींच्या रकान्यात सात चेन, आणि तुमच्या रकान्यात शून्य? तुम्हीही सात चेन गेलात की."

"माझें लक्ष तिच्या पायांत होतें," मामा म्हणाले. "मन दुसरीकडे. म्हणून शून्य."

मी वही मिटून त्यांच्या हातात दिली आणि उगाच डासांना शिव्या दिल्या.

रामनवमीच्या आधी मामी कुणाचा हात न धरता देवळापर्यंत गेल्या आणि आल्या. मामांनी शेवटच्या खांबावर रेघ मारली, वहीत मामींच्या नावाने लिहिलं: कावेरी, व्यायाम, अकरा चेन, आणि खाली दोन रेघा ओढल्या. सात वर्षांत कुणाला व्यायाम लिहून मिळाला असेल तर फक्त त्या दोघांना. संध्याकाळी त्यांनी आमच्याकडचे डबे एकेक करून गुपचूप खाली नेऊन ठेवले, पण शेवटच्या फेरीला मामी स्वयंपाकघरातून हलेनात, म्हणून चिंच तेवढी राहिली. मग मामांनी बूट काढले, धुतले आणि नवा खडू फासून उन्हाच्या उरल्यासुरल्या तिरपीत वाळत ठेवले. उद्यापासून परत मरीना.

मामी बुटांकडे बघून आत गेल्या.

सकाळी पाचला दार वाजलं. मामा असतील म्हणून सुमनने उघडलं, तर मामी. जिना चढून आल्या होत्या, धाप लागली होती. पदराखालून त्यांनी हिंगाचा डबा काढला.

"हा ठेव पोरी. त्यांच्या चिंचेशेजारींच ठेव."

सुमनने डबा घेतला. "मामी, म्हणजे तुम्हाला सगळं...?"

"पहिल्याच दिवशीं कळलें. कंबर धरलेला मनुष्य खांबाकडें बघत उभा राहतो काय?" मामी दाराला टेकल्या. "चाळीस वर्षें झालीं लग्नास. मोजणीचा तो एक दिवस सोडला, तर एकदां म्हणून माझ्यासंगें रस्त्यानें आले नाहींत. आतां मागून कां होईना, येतात. पाय बरा झाला म्हणून तें बंद व्हावें काय?"

डोळे पुसले आणि कठडा धरून त्या खाली गेल्या. पाच मिनिटांनी खालून आवाज आला, "हिंग संपलें हो! आज बाजारांतच जावें लागेल!"

मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. मामा दारात बसले होते, एका पायात पांढरा शुभ्र बूट, दुसरा हातात. ते आधी आत बघत राहिले, मग मान वर करून माझ्याकडे. मी छताकडे पाहिलं. कोपऱ्यावर बस आली, थोडी थांबली आणि गेली.

मामांनी पायातला बूट काढला, दोन्ही बूट भिंतीशी नीट लावून ठेवले आणि चपला पायात सरकवल्या. मामी फाटकाबाहेर पडल्या, आणि दोन पावलांवर थांबून पदर सावरत उभ्या राहिल्या. मामांनी अंतर नजरेने मोजलं. मग पुढे होऊन त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि शेजारून चालायला लागले.

"मामा," मी वरून हाक मारली, "आज वहीत काय लिहायचं?"

"शून्य!" त्यांनी मागे न बघता सांगितलं.