सोळावी भाजी

कोराडीच्या वसाहतीत राहणाऱ्या श्रीधरने कॅमेरा घेतल्याला तीन आठवडे झाले होते. तेवढ्यात जंगलातली कुठलीही अळंबी आपण दहा फुटांवरून ओळखतो, असं त्याने जाहीरही करून टाकलं होतं. कोणी विरोध केला नाही, कारण ऐकायला कोणी थांबलंच नव्हतं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी तो सकाळी साडेपाचला बूट घालून तयार!

"घरी सत्तावीस माणसं जेवाले येऊन राहिली, अन् तुम्ही छत्र्यांचे फोटो काढाले चालले?" त्याची बायको प्रेमलता म्हणाली.

"नवाच्या आत येतो ना वं!"

"येताना दोडके आणा. पंधरा भाज्या झाल्या. सोळा झाल्याशिवाय नैवेद्याची भाजी होत नाही. एवढं एकच काम तुमच्याकडे!"

जंगलात फिरायला नेणाऱ्या उन्मेषची अट एकच होती: फोटो काढा, तोडू नका. तो सगळ्यांना प्रत्येक अळंबीची माहिती देत होता, तेव्हा श्रीधर वारुळापाशी पोटावर पालथा पडून पांढऱ्या टोप्यांचे एकशे चौदा फोटो काढत होता. त्यामुळे माहिती हुकली. मग घरी चांगल्या उजेडात आणखी फोटो काढू, म्हणून त्याने पाठ वळवून पंधरा-वीस अळंब्या कापडी पिशवीत टाकल्या.

एक फोटो त्याने तिथूनच कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवला. आता खाली काय लिहायचं? नाव माहीत नव्हतं. 'खाण्याजोगी' लिहिलं तर कोण बघणार! त्याने लिहिलं: 'अतिविषारी. एक तुकडा पुरेसा. माहितीस्तव, श्रीधर.'

घरी येऊन पिशवी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली आणि तो आंघोळीला गेला.

दुपारी सव्वाला पहिली पंगत बसली. अकरा पानं. श्रीधर पाणी वाढत होता. पाचव्या पेल्यापाशी त्याला दोडके आठवले. तो स्वयंपाकघरात धावला.

"कांताबाई, दोडक्याचं काय केलं?"

मदतीला आलेल्या कांताबाईंनी पोळी उलटली. "दोडके कुठं होते जी? तुमच्या पिशवीतलं होतं थेच टाकलं. धुतलं, चिरलं, टाकलं. झाल्या सोळा!"

खिळ्यावरची पिशवी रिकामी लोंबत होती. कांताबाई पुढे काहीतरी सांगत होत्या, पण तो मागच्या दारातून अंगणात पोचलासुद्धा होता. त्याने उन्मेषला फोन लावला, तोडल्याची कबुली दिली, फोटो पाठवले.

"काका, सगळे वरूनच काढले! टोपीच्या खालून एक तरी पाहिजे होता."

"म्हणजे विषारी आहे का?"

"वरून मले छत्रीच दिसून राहिली, काका. कोणी खाल्ली तर नाही ना?"

श्रीधरने फोन बंद केला. आत अकरा माणसं जेवत होती. त्यांत त्याची सासू होती, दोन सवाष्णी होत्या आणि प्रेमलताचे मामा महादेवराव तिसऱ्यांदा भाजी मागत होते!

"मामाजी, भाजी नका घेऊ!" श्रीधर आत धावत ओरडला.

महादेवरावांचा हात ताटावरच थांबला. "काहून? कमी पडून राहिली का?"

"तसं नाही..."

"पासष्ट किलोमीटर यष्टीने आलो बापा मी! अन् जावई घास मोजून राहिला!" महादेवराव पानावरून उठायला लागले. बायका त्यांना बसवायला धावल्या. प्रेमलताच्या नजरेत पुढच्या तीन वर्षांची भांडणं एकदम दिसली.

"प्रेमलता, त्या भाजीत..." श्रीधर म्हणाला. "सकाळच्या अळंब्या आहेत!"

त्याच्या मुलीने, गार्गीने, मोबाइल उघडून मोठ्याने वाचलं, "अतिविषारी. एक तुकडा पुरेसा."

"बाबा, हे खरंय?"

"मी ते... अंदाजाने लिहिलं!"

"अंदाजाने!" सासूबाई ताटावर आडव्या झाल्या. एक सवाष्ण रडायला लागली. दुसरीने नवऱ्याला फोन लावून कपाटाची किल्ली कुठे आहे ते सांगितलं.

"घाबरू नका! उलटी काढायची!" श्रीधरने तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ कालवलं. कोणीच हात पुढे करेना. तेव्हा, असं प्यायचं, हे दाखवायला त्याने अर्धा तांब्या स्वतः घशाखाली उतरवला.

तेवढ्यात कांताबाई दारात आल्या. "काय कल्ला करून राहिले जी? खायचे टेकोडे हायेत थे! आमच्या गावात वारुळावर निघाले का भांडणं लागतात. मले कोनी इचारलंच नाही!"

"टेकोडेच!" महादेवराव गरजले. "मले पहिल्याच घासाले समजलं! म्हणून तर मागून राहिलो! वाढा!"

भाजी पुन्हा फिरली. दुसऱ्या पंगतीला ती उरली नाही. श्रीधर मात्र तोवर मोरीवर ओणवा होता आणि उठायचं नाव घेत नव्हता. साडेतीनला त्याला रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं.

"अळंबीची भाजी किती खाल्ली?" डॉक्टरांनी सलाईन लावत विचारलं.

"यांनी?" प्रेमलता म्हणाली. "यांचं पान अजून वाढलंच नाही!"

डॉक्टरांनी श्रीधरकडे बघितलं, मग कागदावर कारण लिहिलं: मीठ.