निपाणीत आज सूर्य मावळणार नाही

धाकट्या बहिणीचा, चंदनाचा साखरपुडा चार दिवसांवर आला असताना जिनेंद्र मगदूमनं ‘अस्तवेळ’ उघडून दुरुस्त करायला घेतलं आणि घरात पहिली ठिणगी पडली.

“चालतंय न्हवं ते?” आप्पांनी विचारलं.

“चालतंय, पण लई जुनं झालंय आप्पा.”

“मीबी जुना झालोय. मलाबी उघडणार काय?”

‘अस्तवेळ’ हा जिनेंद्रनं कॉलेजात असताना लिहिलेला प्रोग्रॅम. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं, हा मगदुमांच्याच काय, निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या बहुतेक जैन घरांचा नेम. प्रोग्रॅम त्या त्या गावचा सूर्यास्त काढायचा आणि आधी अर्धा तास, मग दहा मिनिटं आणि शेवटी ऐन वेळेला घंटा वाजवायचा. समाजाच्या मंगल कार्यालयात तो बसवल्यापासून आभाळाकडे बघायची कुणाला गरज उरली नव्हती.

जिनेंद्रनं तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. कुणीही घ्या, वापरा, बदला, पैसा नको. फुकट म्हटल्यावर जग जमलं. मोरोक्कोत कुणी त्यावर रोजा सोडायचं. नॉर्वेच्या पार उत्तरेच्या टोकाचा ओलाफ नावाचा गृहस्थ संध्याकाळचे फोटो काढायचा. न्यूझीलंडमधला एक जण त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याचं दार बंद करायचा. ही शेवटची गोष्ट आप्पांच्या कानावर घातलेली नव्हती.

पण प्रोग्रॅम म्हातारा झाला होता. तो इतर लोकांनी लिहून ठेवलेल्या दहा-बारा तुकड्यांवर उभा होता आणि ते लोक आता त्यांच्याकडे ढुंकून बघत नव्हते. सूर्याचं गणित करणारा तुकडा ज्यानं लिहिला, त्यानं तर कॉम्प्युटर सोडून मधमाश्या पाळल्या होत्या. जिनेंद्रनं तो तुकडा बदलला. त्याबरोबर तारखांचा तुकडा रुसला. तो बदलला, तर आवाजाचा बंद पडला.

“नळाचं वायसर बदलताना असंच झालतं,” त्याची बायको त्रिशला म्हणाली. “वायसरापायी नळ गेला, नळापायी फरशी गेली. आठ दिवस अख्खं घर शेजारी आंघोळीला जात होतं.”

“पण नळ आता गळतोय का?”

“न्हाय. पाणीच येत न्हाय.”

मोडलेलं जोडता जोडता जिनेंद्रला हुरूप आला आणि त्यानं दोन नव्या सोयी घातल्या. नुसत्या घंटेऐवजी आता त्याच्याच आवाजात सूचना मिळणार होती. शिवाय ओलाफची जुनी तक्रार होती, की त्याच्या गावी उन्हाळ्यात दोन महिने सूर्य मावळतच नाही आणि प्रोग्रॅम गोंधळून बंद पडतो. अशा दिवसासाठीही एक सूचना तयार झाली.

“दोन महिने मावळत न्हाय?” त्रिशलानं डोळे मोठे केले. “मग तिथले श्रावक जेवतात कवा?”

“तिथं श्रावक न्हाईत गं.”

“एवढी सोय बघून तरी जायला पायजे होते. कवाबी जेवा!”

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी नवं ‘अस्तवेळ’ कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर बसलं. प्रोग्रॅमची उत्तरं बरोबर येतात का ते तपासणाऱ्या जुन्या चाचण्या अडून बसल्या होत्या. त्या जुन्या तुकड्यासाठी लिहिल्यात, असं म्हणून जिनेंद्रनं त्यांना आदल्याच दिवशी सेवानिवृत्त केलं होतं.

नवरामुलगा सौरव संकेश्वरचा. त्याच्याकडची बस हायवेच्या कामात अडकून साडेचारला पोहोचली. बसमधून सर्वांत आधी त्याची आजी गुणाबाई उतरल्या. वय नव्वदीकडे झुकलेलं, आणि लहानपणापासून सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेतलेला नाही. त्या उपाशी परत गेल्या तर चंदनाला सासरी जन्मभर काय ऐकावं लागेल, हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आप्पांनी तर मुलाला बाजूला घेऊन बजावलं होतं, “म्हातारीच्या पोटात अन्न गेल्याबिगर सूर्य खाली गेला, तर तुझा कॉम्प्युटर वेदगंगेत जाईल. मागोमाग तू.”

अंगठ्या झाल्या, साडीचोळी झाली. तेवढ्यात छतावरच्या स्पीकरमधून जिनेंद्रचा स्वच्छ आवाज घुमला, “नमस्कार. आज सूर्यास्त होणार नाही. सर्वांनी सावकाश जेवावे.”

कार्यालयात नवीन एसी बसवल्यामुळे खिडक्या बंद आणि पडदे ओढलेले. बाहेर बघायचा प्रश्नच नव्हता. आणि या कार्यालयातली घंटा आजवर चुकलेली कुणाला माहीत नव्हती.

आचारी भरमानं पुरीच्या कढईखालचा गॅस बंद केला आणि तंबाखू मळायला घेतली. व्याही मंडळी पायातले बूट काढून ऐसपैस बसली. गुणाबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या. आणि सगळ्यांत घातक गोष्ट म्हणजे आप्पांनी माइक हातात घेतला. वेळ आहेच, तर संकेश्वरकडच्या एकेका पाहुण्याचा टॉवेल-टोपी देऊन सत्कार करावा आणि प्रत्येकाबद्दल दोन शब्द बोलावेत, असं त्यांनी जाहीर केलं.

जिनेंद्र त्या वेळी जिलेब्या मोजून घेत होता. आवाज ऐकून त्याची छाती फुगली. काय खणखणीत आलाय! मग शब्द डोक्यात शिरले आणि छाती बसली. तो ऑफिसकडे पळाला.

कॉम्प्युटरवर सगळं हिरवंगार होतं. चूक कुठंच दिसेना. तासभर त्यानं तुकड्यामागून तुकडा तपासला. बाहेर आप्पा अकराव्या पाहुण्यापर्यंत आले होते. तेवढ्यात फोनवर ओलाफचा निरोप आला. ‘नवं रूप छान आहे. इथला सूर्य आता थेट जुलैअखेर मावळेल. पण तुमचा प्रोग्रॅम म्हणतो, आज दुपारी चारच्या आत. मी खाली जाऊन पाहिलं. तो जागेवर आहे.’

जिनेंद्रनं कपाळावर हात मारला. सूर्याच्या गणिताचा जुना तुकडा गावाचा आधी अक्षांश मागायचा, मग रेखांश. नवा आधी रेखांश मागत होता. यानं आकडे जुन्याच सवयीनं दिले होते. ओलाफचं गाव येऊन अरबी समुद्रात पडलं होतं. आणि निपाणी? महाराष्ट्रात की कर्नाटकात, यावर दोन सरकारं इतकी वर्षं भांडतायत, ती निपाणी त्यानं एका झटक्यात उचलून नॉर्वेच्या वरच्या बर्फाळ समुद्रात नेऊन ठेवली होती. हा तोडगा आजवर कोणत्याच बाजूला सुचला नव्हता.

त्यानं पडदा बाजूला केला. सूर्य उसाच्या शेंड्यांपासून हातभर वर होता.

“त्रिशला! आप्पांचा माइक काढून घे!”

“मी?” गेल्या वीस वर्षांत हे कुणाला जमलं नव्हतं. पण त्रिशला मंचावर चढली, सासऱ्यांच्या पाया पडली, आणि आशीर्वादासाठी त्यांचा हात वर गेला तशी माइक घेऊन खाली उतरली.

“मंडळी, यंत्र चुकलंय! सूर्य मावळायला लागलाय! पंगत बसवा!”

मग जे झालं ते निपाणीत अजून सांगतात. भरमानं तंबाखू फेकून दोन्ही गॅस पेटवले. कढईतून पुऱ्या थेट पानांवर उडू लागल्या. वाढपी पुरेनात, तेव्हा नवरामुलगा शेरवानीच्या बाह्या सारून मसालेभाताची परात घेऊन पळाला. चंदना शालूचा पदर खोचून आमटीची बादली घेऊन त्याच्यामागं. आप्पा खांद्यावर उरलेले टॉवेल टाकून “बसा, बसा! तुमचा सत्कार लग्नात करतो!” असं ओरडत पाणी वाढत होते.

गुणाबाईंना चार सुनांनी खुर्चीसकट उचलून पानावर आणलं.

“आज्जी, लवकर घास घ्या. दिवस मावळतोय.”

“मावळतोय? आत्ता तर मावळणार न्हाय म्हणाले. मला वाटलं, निपाणीत नवीन सोय झालीया.”

आत ऑफिसात जिनेंद्रनं दोन आकड्यांची अदलाबदल केली. निवृत्त केलेल्या चाचण्यांना हात जोडून कामावर बोलावलं, सगळ्या पार झाल्या, आणि स्पीकर बोलला, “सूर्यास्ताला दहा मिनिटं उरली आहेत.” पंगतीतून टाळ्या पडल्या. मग तोंडं पुन्हा कामाला लागली.

गुणाबाईंनी दोन पुऱ्या, भात आणि दोन जिलेब्या खाल्ल्या, तिसरी मागून घेतली, तांब्याभर पाणी प्याल्या आणि चूळ भरली. शेवटच्या पंगतीतला शेवटचा माणूस हात धुवायला उठला. पडदा सारलेल्या खिडकीबाहेर सूर्य उसात अर्धा बुडाला होता. आप्पांनी खिशातलं पंचांग काढून घड्याळाशी ताडून पाहिलं.

घामानं थबथबलेला जिनेंद्र बाहेर आला. अख्खं कार्यालय जेवलं होतं, एक तो सोडून. त्रिशलानं झाकून ठेवलेलं पान पुढं केलं. “अहो, आधी एवढी जिलेबी तरी तोंडात घाला.”

त्यानं जिलेबी उचलली. ओठांपाशी नेली. वरून त्याचाच आवाज आला, “सूर्यास्त झाला. हातातला घास खाली ठेवावा.”

जिनेंद्रनं घास खाली ठेवला.

“मिनिटाचाबी फरक न्हाय रं जिन्या,” आप्पा पंचांग मिटत म्हणाले. “झ्याक काम केलास.” असं ते आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होते.

खुर्चीवरून गुणाबाई हे सारं निरखत होत्या. त्यांनी चंदनाला जवळ ओढलं. “ह्यो वरचा आवाज कुणाचा गं?”

“दादाचाच की, आज्जी.”

गुणाबाईंनी जिनेंद्रकडे पुन्हा एकदा नीट बघितलं. “लई चांगल्या घरची हाईस पोरी,” त्या म्हणाल्या. “स्वतःचं बोलणं स्वतः ऐकणारा गडी मी ह्या वयात पहिल्यांदा बघितला.”