बाळंतिणीच्या बाहीची हकीकत

श्री सटवाई प्रसन्न. जिने तान्ह्याच्या कपाळी लेख लिहिला तिने त्याच्या माउलीकडेही एक डोळा ठेवावा, इतुके मागून आरंभ करितो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, पौष मासी, दोन खोल्यांच्या एका राज्यास इस्पितळी कन्यारत्न लाभले, त्या समयीचे वर्तमान ऐसे जे, राज्याच्या लेकी ऋजुताबाई बाळंतपणास माहेरी आल्या होत्या आणि शेवटल्या महिन्यात त्यांचा रक्तदाब चढला होता. सबब इस्पितळातून निघते समयी दाक्तरीणबाईंनी बजाविले की, मूल झाले म्हणजे धोका सरला ऐसे समजू नये, सकाळ-संध्याकाळ घरी दाब पाहावा, वरचा आकडा एकशे साठास टेकला अथवा डोके ठणकले तर तडक निघून यावे. मग वडील मनोहरपंत यांनी दाब मोजायचे यंत्र आणिले आणि लेकीच्या उशाशी ठेविले.

परंतु राज्याची खरी सत्ता मातोश्री कुमुदिनीबाईसाहेब यांची, आणि त्यांचा कायदा एकच, बाळंतिणीस वारा लागता नये. त्यांनी लेकीच्या कानांस रुमाल बांधिला, पायी मोजे चढविले, अंगी स्वतः विणलेला जाड स्वेटर घातला आणि खाटेखाली शेगडी ठेविली. पंत पट्टा घेऊन म्हणाले, "बाही वर घ्यायला हवी गं. उघड्या दंडावर बांधायचा असतो." तेव्हा मातोश्री कडाडल्या, "ह्या थंडीत दंड उघडा? काही नको, वरूनच बांधा!" पंत शूर खरे, परंतु उभा संसार त्यांनी तहावरच चालविला होता. पट्टा स्वेटरावर बांधिला गेला आणि आकडा चढा आला. मातोश्री म्हणाल्या, "एवढी जाड लोकर, आकडा फुगणारच." बरे, तर स्वेटर काढावा, तेही नाही, आणि आकडा खरा मानावा, तेही नाही. ऐशा पेचात दोन दिवस गेले.

तिसरे दिवशी सकाळी डिंकाचा लाडू पुढे आला असता ऋजुताबाईंनी तो परत सारिला आणि बोलिल्या, "डोकं फुटतंय गं आई. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत." मातोश्रींनी दोष जागरणावर ठेविला आणि मग मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढिली. मिरच्यांचा ठसका साऱ्या दरबारास लागला, तान्ही रडू लागली आणि डोके होते तैसेच ठणकत राहिले. मग ऋजुताबाई, ज्या आईपुढे कधी ब्र काढीत नसत, त्यांनी आपल्याच हाते बाहीतून दंड बाहेर काढिला. "वारा लागला तर लागू दे. मला भीती वाटतेय, आई." पंतांनी पट्टा उघड्या दंडावर बांधिला. वरचा आकडा एकशे चौसष्ट, खालचा एकशे दहा.

"यंत्रच बिघडलंय मेलं," म्हणोन मातोश्रींनी स्वतःची बाही वर सारून हात पुढे केला. यंत्राने त्यांचा दाब नेहमीचाच, अगदी उत्तम दाखविला. मातोश्री त्या आकड्याकडे पाहातच राहिल्या. आपली प्रकृती ठणठणीत असल्याचे दुःख त्यांस जन्मात प्रथमच जाहले. मग "अहो, रिक्षा बोलवा" इतुकेच बोलोन त्यांनी नातीस शालीत घेतले आणि स्वारी पायऱ्या उतरू लागली. मागे शेगडी विझविण्याचेही भान राहिले नाही, ती शेजारणीने विझविली.

इस्पितळात खाटेवर पंखा फिरत होता. मातोश्रींनी त्याकडे एकवार पाहिले आणि नातीची शाल तेवढी सारखी केली. दाक्तरीणबाईंनी तातडीने औषध सुरू केले आणि म्हणाल्या, "वेळेत आणलंत. उशीर झाला असता तर झटकाही येऊ शकला असता." त्यावर मातोश्रींचा धीर सुटला आणि पदर तोंडाशी नेऊन म्हणाल्या, "मीच बाही वर करू दिली नाही हो." लेकीने त्यांचा हात धरिला आणि घरी जाईतो सोडिला नाही.

आता दाब उतरला आहे, औषध चालू आहे आणि राज्यात नवा रिवाज पडला आहे. मातोश्री दोन्ही वेळां खासा येतात, पंतांपासून पाळण्यापर्यंत सर्वांस गप्प करितात, आणि पट्टा गार लागू नये म्हणोन आधी तो आपल्या पोटाशी घट्ट धरून ठेवितात. तो उबदार झाला की मग लेकीची बाही स्वतःच्या हाते वर सारितात.

येणेप्रमाणे बाही उघडली आणि लेक वाचली. वारा लागला तो लागला, कोणास बाधला नाही.