‘श’ ते ‘ह’ यांची नजर

वेळेवर येणं हे कर्मचाऱ्याचं कर्तव्य असून वेळ पुढे करणं हा साहेबांचा अधिकार आहे. त्यानुसार डोळ्यांच्या इस्पितळातली सगळी घड्याळं, कॉम्प्युटरमधलं धरून, मोठ्या साहेबांच्या परिपत्रकाने तीन मिनिटं पुढे केलेली होती. (कर्मचारी ती तीन मिनिटं जमेस धरून पूर्वीइतकेच उशिरा येत. सातत्य हाही गुणच आहे.)

नदीपलीकडच्या तपासणी केंद्रात मोतीबिंदूच्या रुग्णांची यादी रोज नव्याने, अक्षरक्रमाने तयार होई. केंद्राचा कॉम्प्युटर दहा पन्नासला ती लिहायला घेई आणि अकराला संपवी. इस्पितळाचा कॉम्प्युटर अकराच्या ठोक्याला ती आपोआप उचले आणि ऑपरेशनच्या तारखा देई. यादी पुरी लिहून झाली का, हे बघायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

चौदा महिन्यांत ‘अ’ ते ‘व’ नावांची ऑपरेशनं झाली दोन हजार तीनशे सहा. ‘श’ ते ‘ह’ नावांची, शून्य. यावरून ‘श’ ते ‘ह’ मंडळींची नजर मुळातच चांगली असते, असा निष्कर्ष साहेबांनी काढला आणि शोधनिबंध लिहायला घेतला.

इस्पितळातल्या कॉम्प्युटरवाल्याच्या वडिलांचं नाव ‘ह’वरून होतं. त्यांचा उजवा डोळा गेल्यातच जमा होता आणि महिनाभरात ऑपरेशन झालं नाही तर डावाही हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते रोज दाढी करून, धुतलेला शर्ट घालून फोनजवळ बसत. मुलाने वेगळा अर्ज करून पाहिला. पण यादीत नाव नसलेल्यांचा अर्ज घेता येत नव्हता.

शेवटी तीन दिवस जेवणाची सुट्टी खर्ची घालून त्याने दोन्हीकडच्या वेळा ताडून पाहिल्या. यादी तीन मिनिटं आधीच उचलली जात होती. घड्याळ बरोबर करावं. नाहीतर केंद्राने शेवटी ‘समाप्त’ लिहावं आणि ते दिसल्यावरच यादी उचलावी, असं त्याने बैठकीत सुचवलं. (कार्यालयीन घड्याळाला हात लावायला साहेबांची सही लागे.)

“म्हणजे आपण केंद्रासाठी थांबायचं?” साहेबांनी शांतपणे विचारलं.

केंद्राला घाई करण्याविषयी पत्र गेलं. केंद्राने तत्परतेने आपलं घड्याळ पाच मिनिटं पुढे केलं आणि तसं कळवलं. हाताखालचं केंद्र आपल्याही पुढे गेलेलं पाहून साहेबांनी त्याच दुपारी इस्पितळाची घड्याळं दहा मिनिटांवर नेली. दुसऱ्या दिवसापासून यादी ‘न’पाशी तुटू लागली. ‘प’पासून पुढच्या सगळ्यांची नजर सुधारली आणि शोधनिबंधाची पानं वाढली.

त्या संध्याकाळीही वडील फोनजवळच होते. त्यांनी किती वाजले ते विचारलं. मुलाने भिंतीकडे बघून साडेसहा सांगितले.

“घड्याळातली नको रे, खरी वेळ सांग,” वडील म्हणाले.

मुलांना शाळेला उशीर होऊ नये म्हणून ते घड्याळ त्यानेच दहा मिनिटं पुढे केलेलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने मनातल्या मनात वजाबाकी केली आणि सहा वीस म्हणून सांगितलं.

काय एकेक मूर्ख माणसं असतात, असं तुम्ही म्हणाल. अवश्य म्हणा. म्हणून झालं की आपल्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते बघा, आणि त्यातून किती वजा केलेत ते कोणाला सांगू नका.