रशीदभाऊंचा वारस

रशीदभाऊ आठवड्यातून तीन-चार वेळा तरी मरतात. मेल्यावर चहा मागतात, आणि चहात साखर कमी पडली तर पुन्हा मरायची धमकी देतात.

गडचिरोलीतल्या आमच्या छोट्या कचेरीत वनोपज गोळा करणाऱ्यांच्या एका संस्थेची वेबसाइट तयार होते. मी तिचे प्रोग्रॅम लिहिते. लोकांचे खरे अर्ज यायच्या आधी आम्ही त्यात खोटे अर्ज सोडून बघतो. आलेला अर्ज घ्यायचा की परत पाठवायचा, हे ठरवणाऱ्या भागाला कंट्रोलर म्हणतात. तो नीट वागला की पडद्यावर हिरवी ओळ येते, चुकला की लाल. या खोट्या अर्जांसाठी लागणारी खोटी माणसं रशीदभाऊ घडवतात. आधी त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं, त्यामुळे जिल्ह्यातला प्रत्येक अर्ज त्यांना तोंडपाठ.

इतरत्र या कामाला ‘टेस्ट एक’, ‘टेस्ट दोन’ अशी नावं चालतात. रशीदभाऊंना ते पाप वाटतं. त्यांनी घडवलेली लच्छमाबाई धानोऱ्याकडची, मोहफुलं वेचणारी आणि डाव्या कानानं कमी ऐकणारी.

“भाऊ, फॉर्मात कानाचा रकानाच नाही.”

“नसू द्या ना. मले तं मालूम पाह्यजे. आवाज कोण्या बाजूनं देऊ तिले?”

तपासायला वाईट अर्जही लागतात. वय चुकलेला, दुसऱ्याचा आधार नंबर टाकलेला, मयत. त्या सगळ्यांवर नाव मात्र एकच. रशीदभाऊ सात वर्षांचे, रशीदभाऊ दीडशे वर्षांचे, रशीदभाऊ मयत. पात्र लोकांत ते कधीच नसतात.

“नापास व्हाचं ते मी होतो. बाकीच्याईले काऊन तरास?”

मी यावरून त्यांना फार चिडवायचे. जीभ आवरणं मला जमत नाही. एकदा म्हटलं, “भाऊ, तुम्हाला मरायची हौसच आहे.” तेव्हा ते हसले नाहीत.

“बाई, एका ऑपरेटरनं ‘पाहू चालते का’ म्हणून आमच्या अम्मीच्या नावापुढं ‘मयत’ दाबलं. मंग खोडाचं भुलला. अम्मी दीड साल हपिसाहपिसात सांगत फिरली, मी हाव ना, इथीच तं उभी हाव.”

आता त्या खरोखरच नाहीत. भाऊंनी लग्न केलं नाही. घरी ते आणि एक रेडिओ. मला माझीच लाज वाटली.

गेल्या महिन्यात अर्जाचा एक नवा प्रकार आला. सभासद वारला तर त्याचं सभासदत्व वारसाकडे द्यायचं. संस्थेची माणसं दुसऱ्या दिवशी बघायला येणार होती आणि आमची एक ओळ काही केल्या लालच. मी अर्ज उघडला. मयत सभासद रशीदभाऊ, अर्थातच. वारसाचा रकाना रिकामा.

“भाऊ, वारस राहिला.”

“राह्यला नाई. नाईच हाय.”

“मग लच्छमाबाईला करा की.”

“अन् तिच्या घरात मौत घालू? तिचं कोणी मेलं, असं मी नाई लिवत.”

ते कीबोर्डकडे बघत बसले. रोज नवनवी माणसं घडवणारा हा माणूस स्वतःसाठी एकही खोटा माणूस घडवायला तयार नव्हता. मी खुर्ची ओढली आणि त्या रकान्यात माझं नाव टाइप केलं. नातं, बहीण.

ओळ हिरवी झाली.

“अवो बाई! खऱ्या माणसाचं नाव नाई टाकाचं!”

“मग नातं तरी खोटं आहे, असं म्हणा.”

त्यांनी हिरव्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “मंग मेलो तं याल?”

“त्याआधीही येईन. चहा चांगला करणार असाल तर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवी यादी पाठवली. पात्र लोकांत, लच्छमाबाईच्या खाली, पहिल्यांदाच त्यांचं नाव होतं. रशीदभाऊ, वय बासष्ट, जिवंत. कुटुंबातील व्यक्ती दोन. आणि फॉर्मात नसलेला एक रकाना त्यांनी शेवटी जोडला होता. त्यात लिहिलं होतं, ‘बहीण चिडवते लय, पण आवाज देल्ला तं येते.’